मधलं नाव

मागच्या शनिवारी नात आली होती. ठाण्याहून दापोडं म्हणजे अंतर असं काही नाही, पण माणकोली नाक्यावर कंटेनरची रांग लागली की तेवढ्या वेळात माणूस पुण्याला पोचेल. दीड तास गाडीत बसून आली, आल्या आल्या पाय धुतले, आणि चहा हातात घेऊन म्हणाली, "आजी, तुझं माहेर ज्या शहराने खाल्लं ना, ते शहर आधी कागदावर कोणी काढलं, माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, सिडकोने.

"सिडकोच्या आधी. तिघं होती. त्यातली एक बाई होती."

मंडळी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं. मुलांना ठाणे जिल्हा शिकवायचा असे, भिंतीवर नकाशा टांगून खाडीच्या पलीकडे पट्टी टेकवून "ही नवी मुंबई" असं मी किती मुलांना सांगितलं असेल! पण ती कोणाच्या डोक्यातून निघाली हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. नात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. (वास्तुविशारद हा शब्द मी वापरला तर ती हसते. म्हणते, आजी, तू बोललीस की मला वाटतं मी किल्ले बांधणार आहे.) कॉलेजात तिला युद्धानंतर उभ्या राहिलेल्या शहरांवर आणि ती उभारणाऱ्या स्त्रियांवर काहीतरी सादर करायचं होतं. तिने रशियापासून सुरुवात केली होती.

रशिया म्हटल्यावर मला एकदम आमच्या वह्यांची कव्हरं आठवली. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल, 'सोव्हिएत लँड' नावाचं गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं, मराठीतही निघायचं. वर्गणी अगदी थोडी. आमच्या एका गुरुजींकडे येई आणि जुने अंक ते आम्हाला वाटत, कारण पुस्तकांना कव्हर घालायला त्याच्यासारखा कागद नव्हता. माझ्या बीजगणिताच्या पुस्तकावर एक बाई होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात थापी, मागे अर्धवट इमारत आणि क्रेन. वर्षभर ती बाई माझ्या दप्तरात होती. तेव्हा मला वाटे की रशियात बायका गवंडीकाम करतात म्हणजे तिथे फारच गरिबी असणार! नातीने सांगितल्यावर कळलं, की सोव्हिएत सरकारच्याच आकड्यांप्रमाणे लढाईत १,७१० शहरं आणि गावं बेचिराख झाली, शिवाय सत्तर हजारांवर खेडी. माणसं मेली ती पावणेतीन कोटींच्या आसपास, त्यात पुरुष फार. मग स्तालिनग्राद, मिन्स्क, कीव्ह पुन्हा उभी करायची तर कोण करणार? थापी धरायलाही बायका आणि नकाशे काढायलाही बायका. त्यांची गरज पडली म्हणून त्यांना जागा मिळाली. हे वाक्य माझं, नातीचं नाही. ती तरुण आहे, तिला अजून वाटतं की जागा गुणावर मिळते.

पण तिच्या सरांनी तिला सांगितलं की रशिया राहू दे, जवळचं शोध. आपल्याकडे लढाईत पडलेली शहरं नव्हती, पण फाळणी होती. लाहोर गेलं म्हणून पंजाबला राजधानी हवी झाली आणि चंदीगढ बांधलं गेलं. तिथे ल कॉर्बुझिएच्या हाताखाली ऊर्मिला यूली चौधरी ही बाई पहिल्यापासून होती, पुढे ती हरियाणाची आणि नंतर पंजाबची चीफ आर्किटेक्ट झाली. नातीच्या मैत्रिणीने ती घेतली. मग हिने मुंबई घेतली आणि तिला प्रवीणा मेहता सापडल्या.

मला जे समजलं ते सांगते. प्रवीणाबाई मुंबईच्या. जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकत होत्या. तिथून पहिली बाई आर्किटेक्ट होऊन बाहेर पडली ती पेरिन मिस्त्री, १९३६ साली, म्हणजे वाट पडून फार वर्षं झाली नव्हती. विद्यार्थीदशेत त्या स्वातंत्र्य चळवळीत उतरल्या, मोर्च्यात घोषणा दिल्या, काही दिवस तुरुंगातही गेल्या. नंतर शिकायला अमेरिकेत, शिकागोला. पन्नासच्या दशकात परत येऊन मुंबईत स्वतःचं ऑफिस थाटलं. एकट्या बाईने, त्या काळात. किहीमच्या किनाऱ्यावर त्यांनी बांधलेलं एक घर आर्किटेक्चर शिकणारी मुलं अजून अभ्यासतात.

१९६४ साली मुंबई महानगरपालिकेने शहराच्या विकासाचा आराखडा लोकांपुढे ठेवला आणि सूचना-हरकती मागवल्या. आता सूचना-हरकती म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. लोक आपल्या घरावरून रस्ता जातो का ते बघतात आणि अर्ज टाकतात. या तिघांनी, म्हणजे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी, अर्ज टाकण्याऐवजी दुसरंच शहर काढून दिलं.

त्यांचं म्हणणं नातीने मला कागदावर रेघा मारून समजावलं. मास्तरणीला शिकवायचं म्हणजे अवघड काम, पण तिने चांगलं शिकवलं. मुंबई बेट आहे, लांबुडकं, बोटासारखं. नोकऱ्या सगळ्या बोटाच्या टोकाशी, फोर्टात. माणसं राहणार वर, बोरिवली-मुलुंडकडे. सकाळी सगळं शहर दक्षिणेला धावतं, संध्याकाळी उत्तरेला. १९६१ च्या जनगणनेतच मुंबईत साडेएकेचाळीस लाख माणसं झाली होती. नवी उपनगरं उत्तरेला वाढवत गेलात तर लोकलमध्ये आणखी माणसं लटकणार, एवढंच. मग या तिघांनी बोट आडवं धरलं. खाडीच्या पलीकडे, पूर्वेला, मोकळी जमीन आहे. तिथे नुसती घरं बांधू नका, नोकऱ्या न्या, सरकारी कचेऱ्या न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील. आणि पैसा? जमीन सगळी सरकारने आधी घ्यायची. शहर झालं की तिची किंमत वाढणार. त्या वाढलेल्या किमतीतून रस्ते, पाणी, रेल्वे, सगळं उभं करायचं. शहराने आपला खर्च आपणच काढायचा.

मुल्कराज आनंद ज्याचे संपादक होते त्या 'मार्ग' या कलेच्या त्रैमासिकात जून १९६५ मध्ये हे छापून आलं. खाडीपलीकडे वस्ती करावी असं स. गो. बर्वे यांच्या समितीनेही आधी, १९५९ साली, सुचवलं होतं, आणि पुढे धनंजयराव गाडगीळांची समिती झाली. पण तिथे जोडीचं भलं मोठं शहर व्हावं हे चित्र या तिघांचं. सरकारने ते मानलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची मिळून ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली.

त्या ९५ मधलं एक माझं माहेर.

गावाचं नाव देत नाही, देऊन उपयोगही नाही. आता त्या नावाचा सेक्टर आहे. भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठागरं, भरतीचं पाणी आडवायला बांध. आमच्या आयेचा उन्हाळा मिठात आणि पावसाळा भातात जाई. मी लग्न होऊन दापोड्याला आले तेव्हा संपादनाच्या नोटिसा निघाल्या होत्या. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, ती नोटीस मला वाचायला आणून दिली होती, कारण घरात बी. ए. झालेली मी एकटी. मी वाचली आणि समजावून सांगितली. किती समजावली होती देव जाणे. "सार्वजनिक प्रयोजन" या शब्दाशी येऊन मी थांबले होते, एवढं आठवतं. दादाने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, सगळ्यांच्या भल्यासाठी. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, निदान आमच्याकडच्यांना. दि. बा. पाटील उभे राहिले. जासईचे, वकील, आमच्याच आगरी समाजातले, पनवेलचे आमदार. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि नवघरला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. दादा त्या गर्दीत होता. आम्हाला इथे दोन दिवस काही कळलं नाही. फोन कुठला? मी शाळेत जात होते, फळ्यावर लिहीत होते आणि माझा हात कापत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला. पायात एकच चप्पल. त्या आंदोलनातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचं ठरलं, १९९० साली. जमीन घेतल्यावर वीस वर्षांनी.

तर अशी बाई, जी स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेली, जिने पुरुषांच्या धंद्यात एकटीने पाटी लावली, आणि माझी नात जिचं नाव घेताना आनंदाने नुसती फुलते, तिच्या कागदावर माझ्या आयेचं खाचर "मोकळी जमीन" होतं. मला नातीचा आनंद मोडवेना आणि गप्पही बसवेना.

मी तिला म्हटलं, तू दादामामाला विचार. तो त्या दिवशी इथेच होता, मुलाकडे करमत नाही म्हणून हल्ली महिन्यातले चार दिवस माझ्याकडे येतो. ऐंशी उलटली आहेत. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला आणि सगळं पुन्हा सांगितलं, बोट उभं आणि बोट आडवं. त्याने नीट ऐकलं. मग विचारलं, "आमचे गावान आली होती काय ती बाय कवा?"

नातीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, बाई होती म्हणतेस, मग नाव कसं नाही ऐकलं आम्ही? शिव्या द्यायला तरी कळायला हवं होतं.

मला हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. चार्ल्स कोरिया कोणाला माहीत नाहीत? पणजीची कला अकादमी, पुण्याचं आयुका त्यांचं. शिरीष पटेलांचा १९६५ चा केम्प्स कॉर्नरचा पूल देशातला पहिला उड्डाणपूल. नवी मुंबई म्हटलं की कोरियांचं नाव येतं, सिडकोच्या पहिल्या वर्षांत ते तिचे मुख्य वास्तुविशारदही होते. पटेलांचंही नाव येतं. प्रवीणाबाईंचं नाव, मी जेवढं वाचलं त्यात, १९६५ च्या त्या लेखापाशी येतं आणि तिथेच राहतं. कोरिया २०१५ मध्ये गेले, पटेल २०२४ मध्ये गेले, वर्तमानपत्रांनी मोठमोठे लेख लिहिले. प्रवीणाबाईंचं जन्मवर्षसुद्धा नातीला दोन ठिकाणी दोन वेगळं सापडलं. आडनावाच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने तिघांची नावं लावली तर त्यांचं नाव मधोमध येतं. आणि मधल्या नावाचं काय होतं ते आम्हा शिक्षकांना हजेरीपटावरून पक्कं माहीत असतं. लिहायचं सगळ्यांनी, उच्चारायचं कोणी नाही.

आता माझं मत विचाराल तर मला त्या तिघांचा राग येत नाही. एकेकाळी आला असता. त्यांनी जे मागितलं होतं त्यातलं मुख्य सरकारने केलंच नाही. मंत्रालय पलीकडे न्यायचं होतं, ते जिथे होतं तिथेच राहिलं, उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून टॉवर उठवले. वाशीला लोकल पोचली १९९२ साली. कांदा-बटाट्याचा बाजार मात्र आधी गेला. मोठी माणसं जागची हलली नाहीत, हमाल हलले! जमीन तेवढी वेळेवर घेतली गेली. शहर मात्र झालं, आणि चांगलंही झालं हो. रुंद रस्ते, स्टेशनं बघावीत अशी, पाणी मुबलक. माझी भाचरं तिथे नोकऱ्या करतात. दादा अटल सेतूवरून शिवडीला जाऊन आला, २०२४ च्या जानेवारीत तो सुरू झाला तेव्हा, आणि महिनाभर त्याबद्दलच बोलत होता. दिबांचं नाव विमानतळाला द्या म्हणून २०२१ साली माणसांची साखळी धरली तिथेही तो उभा होता, गुडघे दुखत असताना. शहराशी त्याचं भांडण आहे आणि शहर त्याचं आहे, दोन्ही खरं. हे मला कोणाला समजावून सांगता येत नाही, पण उरण-पनवेलच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो मान हलवेल.

आणि इकडे दापोडं. इथे कोणी कागद काढला नाही, नोटीस आली नाही, गोळीबार झाला नाही. आमची जमीन कोणी घेतली नाही, आम्हीच दिली. मुंबईत जकात होती, म्हणून माल शहराच्या वेशीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. आग्रा रोड जवळ, जागा स्वस्त, ग्रामपंचायतीची हद्द. आधी एक गोदाम आलं, मग दहा. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडं, सगळीकडे निळे-पांढरे पत्रे. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं गेली नाहीत, वाढली. कारण आता सगळा देशच घरबसल्या वस्तू मागवतो. तुम्ही मागवलेला मिक्सर बहुतेक माझ्या घरावरून गेलेला असतो. नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीए आली ती २००७ मध्ये, तोवर निम्मं शिवार पत्र्याखाली गेलेलं.

भाडं चांगलं येतं, खोटं कशाला बोलू? माझ्या गळ्यातली माळ त्याच पैशाची आहे. पण पहिला मोठा पाऊस पडला की पाण्याला जायला वाट नाही. ओहोळ कुठे होता हे दोन पत्र्यांच्या मधल्या फटीवरून ओळखायचं. म्हणजे माहेरी जमीन हिसकावून घेतली आणि शहर दिलं, सासरी जमिनीचे पैसे मिळाले आणि शहर मिळालं नाही. यातलं बरं कुठलं, असं नातीने मला विचारलं. मी तिला म्हटलं, मी भाषेची शिक्षिका, असली गणितं मला घालू नकोस.

खरं कारण वेगळं होतं. आमच्या घरामागे शेवटची बावीस गुंठे राहिली आहेत. सासूबाई असेपर्यंत तिथे भात होत असे, नंतर थंडीत वाल. आता नुसतं गवत आहे. एका गोदामवाल्याने ती दीर्घ भाड्याने मागितली आहे. मुलाची द्यायची तयारी आहे आणि घरातल्या घरात काम होईल म्हणून त्याने नातीलाच शेडचा नकाशा काढायला सांगितलं होतं. त्या दिवशी ती माझ्यापेक्षा त्या कामासाठी आली होती, हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी ती टेप घेऊन मागे गेली. दादा खुर्ची टाकून बसला. बराच वेळ ती मापं घेत होती आणि तो काहीबाही सांगत होता, त्याचं गाव नसूनही. उताराची जमीन बघून पाणी कुठून जातं हे मिठागरावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिने विचारलं, तो दाखवत गेला. मग मला हाका मारल्या. विहीर कुठे होती, ओहोळाचं जुनं पात्र कुठून जात होतं, कुठल्या बाजूला पावसात घोट्याएवढं पाणी चढतं. मी आठवून आठवून सांगितलं. आमच्यापैकी कोणाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून की काय, दादा जेवायला उठेना.

दुपारी तिने कागद मुलापुढे ठेवला. शेड होती, पण बावीस गुंठ्यांवर नव्हती, साधारण बारांवर होती. बाकीच्या जागेतून ओहोळाला वाट सोडली होती, कडेला झाडं, आणि विहिरीवर एक गोल.

मुलगा म्हणाला, अगं, एवढी सोडलीस तर तो भाडं निम्मं करेल.

ती म्हणाली, बाबा, मग दुसरा आर्किटेक्ट बघा.

नंतर दोघं काही बोलली नाहीत. संध्याकाळी ती गेली, जाताना कागद टेबलावरच ठेवून गेली. दादा तो उचलून दाराशी उजेडात घेऊन बसला, मग माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि ओहोळाचं एक वळण खोडून जरा अलीकडे काढलं. मुलगा सोमवारी गोदामवाल्याला उत्तर देणार होता. आज गुरुवार, अजून त्याने फोन केलेला नाही.